साय३-साय५ लेबलिंगआधी काय काय हाताशी हवं

मायक्रोअ‍ॅरे म्हणजे हजारो जनुकांचे ठिपके असलेली स्लाइड. दोन नमुन्यांच्या आरएनएपासून बनवलेला डीएनए साय३ आणि साय५ या चमकणाऱ्या रंगांनी रंगवून तिच्यावर एकत्र चढवतात, आणि प्रत्येक ठिपक्यावर दोन रंगांचं गुणोत्तर बघतात. ट्यूब बर्फावर ठेवण्याआधी वही उघडा. कोणत्या स्लाइडवर कोणत्या नमुन्याला हिरवा साय३ आणि कोणत्याला लाल साय५, हा तक्ता आधी हवा. औषध दिलेले सगळे नमुने लाल आणि सगळे कंट्रोल हिरवे ठेवलेत, तर औषधाचा परिणाम कुठला आणि रंगाचा कुठला, हे नंतर कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. औषध-कंट्रोलच्या चार जैविक जोड्या असतील तर दोन सुलट लावा, दोन रंग अदलाबदल करून उलट. लोएस नॉर्मलायझेशन (मोजलेले आकडे वक्ररेषा बसवून सारखे करण्याची पद्धत) ठिपक्याच्या तीव्रतेनुसार येणारा कल सरळ करतं; एखादं जनुक नेहमी एकाच रंगात उजळ दिसत असेल, तर त्याला ते हातही लावत नाही. शिवाय एक स्लाइड एकच आरएनए दोन्ही रंगांत लावून बघायला राखून ठेवा. महाग वाटते, पण टाळू नका.

दोन्ही आरएनएंचा आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा १ ते १० मधला गुण) सारखा हवा, शक्यतो ८ च्या वर. साय५ जोडलेला न्यूक्लिओटाइड बोजड असल्याने रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए, म्हणजे त्याची डीएनए प्रत, बनवणारं एन्झाइम) तो कमी उचलतं. त्यापेक्षा आधी अमिनोअलाइल-डीयूटीपी (अमाइन गट असलेला, आकाराने लहान न्यूक्लिओटाइड) घालून सीडीएनए बनवा आणि रंग मागाहून जोडा. इथे घात करतो तो ट्रिस, बफरमधला नेहमीचा घटक: रंगाचा एनएचएस एस्टर, म्हणजे अमाइनला चिकटणारं टोक, त्यातले अमाइन गटच फस्त करतात. म्हणून कॉलम किटच्या वॉश बफरऐवजी फॉस्फेट-इथेनॉल बफरने सीडीएनए धुवायचा. ०.१ मोलर कार्बोनेट बफर (पीएच ९) ताजा करा, रंग विरघळवायला डीएमएसओ (एक द्रावक) कोरडाच घ्या आणि जोडणी तासभर अंधारात ठेवा.

मग मोजा: साय३ साठी ५५० आणि साय५ साठी ६५० नॅनोमीटरवर. रंगाचे पिकोमोल गुणिले ३२४.५, भागिले सीडीएनएचे नॅनोग्रॅम, म्हणजे दर हजार न्यूक्लिओटाइडमागे रंगाचे रेणू. २० ते ५० चालतील. त्याहून दाट झाले तर रंग एकमेकांची चमक मारतात.

ओझोनमापक आणि कार्बन फिल्टर आधीच लावून ठेवा. हवेत ५-१० पीपीबी (अब्जात ५-१० भाग) ओझोन असला तरी सुकलेल्या स्लाइडवरचा साय५ काही क्षणांत उतरू लागतो, साय३ मात्र टिकतो. एप्रिल-मेच्या दुपारी तर हे ठरलेलंच. स्लाइडच्या शेवटच्या धुण्यात एसडीएस (डिटर्जंट) नको. सेंट्रिफ्यूजमध्ये सुकवून स्लाइड लगेच स्कॅनरला लावा. पीएमटी (स्कॅनरच्या प्रकाशमापकाची संवेदनशीलता) असा ठेवा की ६५,५३५ ला, म्हणजे स्कॅनरच्या कमाल आकड्याला, टेकणारे ठिपके अगदी मोजके राहतील. टेकलेल्या ठिपक्याचं गुणोत्तर खोटं असतं.