दिव्यांग कोट्यातून सरकारी नोकरीचा फॉर्म भरताय? या चुका टाळा

माझ्या डाव्या पायाला पोलिओ आहे, सर्टिफिकेट ५० टक्क्यांचं, आणि तरी माझा पहिला फॉर्म डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला बाद झाला. टेबलापलीकडच्या साहेबांनी सर्टिफिकेटवर बोट फिरवत नेलं, एका ओळीवर थांबवलं आणि म्हणाले, यावर ‘ओएल’ आहे, फॉर्मवर तुम्ही ‘बीएल’ भरलंय. ओएल म्हणजे एक पाय, बीएल म्हणजे दोन्ही. ड्रॉपडाऊनमध्ये चुकून खालचा पर्याय पडला होता. तेव्हापासून ओळखीतल्या पोरापोरींचे फॉर्म मीच भरून देतो, आणि दहातले सात घोळ असल्याच एका अक्षराचे, एका तारखेचे निघतात.

आधी जाहिरातीतला पदाचा तक्ता वाचा, टक्केवारीचं नंतर बघू. बरेच जण कोट्याला लागणारे किमान ४० टक्के आहेत म्हणजे झालं काम असं धरून चालतात. तसं नसतं हो. प्रत्येक पद कुठल्या दिव्यांगत्वासाठी सुनिश्चित केलंय ते ठरलेलं असतं, शेजारी ओए (एक हात), ओएल, एलव्ही (अंधुक दृष्टी), एचएच (कमी ऐकू येणं) असे कोड दिलेले असतात, बसणं, चालणं, ऐकणं, वाचणं यातलं काय जमायला हवं तेही असतं. तुमचा कोड तिथे नसेल तर मेरिट कितीही येऊ दे, त्या पदावर कोट्याचा दावा टिकत नाही. कायद्याने एकूण ४ टक्के जागा आहेत (२०१६ च्या कायद्याआधी ३ होत्या) पण त्या गटागटांत वाटलेल्या आहेत, दृष्टीचा १, श्रवणाचा १, हातापायाचा १ आणि स्वमग्नता, बौद्धिक, मानसिक आजार, बहुदिव्यांगत्व वगैरे मिळून १. ‘दिव्यांग : २ जागा’ वाचून उड्या मारू नका, त्या दोन्ही जागा कर्णबधिर गटाच्या असू शकतात.

कोडमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ कानाचा. दोन्ही कानांत ऐकण्याचा तोटा ७० डेसिबल किंवा जास्त असेल तर बधिर म्हणजे ‘डी’, ६० ते ७० मध्ये असेल तर ‘एचएच’. गेल्या वर्षी मशीन लावणारा एक मुलगा आला, म्हणाला दादा मला ऐकूच येत नाही, डी टाका. सर्टिफिकेट पाहिलं तर एचएच. तुम्हाला काय वाटतं ते फॉर्मला कळत नाही, सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डाने जे लिहिलंय तेच टाकायचं. आणि एका डोळ्याने अजिबात दिसत नाही पण दुसरा चांगला आहे, अशांना बोर्ड ३० टक्के देतं, ते कोट्यात बसत नाहीत. ऐकायला वाईट वाटतं पण आहे हे असं आहे. ते ३० चं ४० करून देतो म्हणणारे एजंट सिव्हिलच्या गेटवरच भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. खोटा लाभ घेतला तर २०१६ च्याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि २०२४ मधल्या पुण्याच्या प्रोबेशनर आयएएस पूजा खेडकर यांच्या दिव्यांग दाखल्याच्या वादानंतर पुन्हा बोर्डासमोर उभं करायलाही कोणी मागेपुढे पाहत नाही.

आता जातीच्या रकान्याकडे या. दिव्यांग म्हणजे वेगळी कॅटेगरी असं समजून लोक तिथे ‘ओपन’ करून मोकळे होतात. अहो, हे समांतर आरक्षण आहे. तुम्ही ओबीसी असाल तर ओबीसी आणि दिव्यांग असं दोन्ही भरायचं, निवड झाल्यावर तुम्हाला तुमच्या प्रवर्गातच धरतात. मात्र ओबीसी भरलं की नॉन क्रिमीलेअर लागणार, आणि केंद्राच्या भरतीला राज्याचा दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो, हे शेवटच्या आठवड्यात आठवलं की तहसीलच्या फेऱ्या सुरू. वयाचंही तसंच, राज्यात दिव्यांगांना साधारण ४५ पर्यंत मुभा, केंद्रात मूळ मर्यादेवर १० वर्षं, ओबीसीला १३, एससी एसटीला १५. दोन्हीकडचे नियम एकात मिसळू नका.

सर्टिफिकेट जुनं हाताने लिहिलेलं असेल तर आजच यूडीआयडीला (दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र) अर्ज टाका, जाहिरात आल्यावर नाही. बोर्डाचे वार ठरलेले असतात, गर्दी असते, आणि तीन महिन्यांपर्यंतची मुदत नियमातच धरलीय. कार्ड ‘टेम्पररी’ असेल तर त्यावरची मुदत बघून ठेवा, फॉर्म भरताना चालू आणि पडताळणीला संपलेलं, असं झालेलं मी पाहिलंय. दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि कार्डवर नाव एकसारखं आहे ना तेही बघा, वडिलांच्या नावातला एक काना सुद्धा अडवतो.

लेखनिक, म्हणजे तुम्ही सांगाल ते पेपरवर लिहिणारा माणूस, हा वेगळाच विषय आहे. फॉर्ममध्ये ‘हो’ केलं म्हणजे लेखनिक मिळाला असं नाही, बहुतेक ठिकाणी नंतर वेगळा अर्ज, ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरांचा दाखला, ठरलेली तारीख असं सगळं असतं. आपलाच माणूस न्यायचा असेल तर त्याच्या शिक्षणाची अट बघा, बहुतेक ठिकाणी जास्त शिकलेला चालत नाही, एमए झालेली बहीण नेली आणि गेटवरच परत पाठवली असं होतं. प्रत्येक जाहिरातीत हे कलम पहिल्यापासून वाचा, मागच्या परीक्षेला चाललं होतं म्हणून यंदा चालेल असं नाही. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४०. लिहिता येतं पण हळू, अशांसाठी लेखनिक न घेता नुसता अनुग्रह कालावधी, म्हणजे हाच जादा वेळ, मागायचीही सोय एमपीएससीत आहे, ती लोक मागतच नाहीत.

हॉल तिकीट आलं की केंद्र कितव्या मजल्यावर आहे ते आदल्या दिवशी जाऊन बघा, वर असेल तर केंद्रप्रमुखाला लगेच लेखी द्या. मी लाजेने गप्प बसलो होतो. कुबडी सांभाळत तीन मजले चढलो, घामाने हॉल तिकीट ओलं झालं, पहिली दहा मिनिटं पेन नीट धरता येईना. पेपर झाल्यावर खाली उतरलो तर शिपाई म्हणाला, सांगायचं ना, तळमजल्यावरचे दोन वर्ग रिकामेच होते की.