गाडी एकाच बाजूला नीट वळते? आधी बॅटरीची टेप बघा

रिमोटवर चालणारी रेसिंगची छोटी गाडी डावीकडे झकास वळते, उजवीकडे मात्र मागचा भाग सुटतो. मग माणूस स्प्रिंगा बदलतो, शॉक अॅब्सॉर्बरमधलं (शॉकमधलं) तेल बदलतो, नवे टायर आणतो. मी अख्खा एक पावसाळा यातच घालवला. दोष निघाला बॅटरीवरच्या टेपचा.

१/१० टूरिंग कारची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या गाडीची, कार्बन फायबरची चॅसिस (सगळे भाग जिच्यावर बसतात ती तळाची पाटी) जेमतेम सव्वादोन-अडीच मिलिमीटर जाड. वळणावर ती किंचित पिळवटते, आणि तशीच ती बनवलेली असते. बॅटरीवरून धाग्याची टेप जीव खाऊन ओढली की चॅसिस एका कोपऱ्यात वाकडी होते आणि एका चाकावरचा भार कमी होतो. तपासायचं असं: बॅटरी लावलेली गाडी काचेवर किंवा सपाट ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा. पुढच्या टोकाला चॅसिसच्या बरोब्बर मध्याखाली सुरीचं टोक घालून हळूच उचला. पुढची दोन्ही चाकं एकदमच सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर टेप कापा, बॅटरी जागेवरच ठेवा आणि पुन्हा उचला. फरक गेला? चोर सापडला. नाही गेला, तर मग खुशाल शॉक उघडा.

टेप किती घट्ट हवी? बॅटरी वर उचलली जाऊ नये, पण बोटाने रेटल्यावर केसभर सरकावी. पुढेमागे अडवण्याचं काम चॅसिसवरच्या स्टॉपरचं (अडणीचं), टेपचं नव्हे.

जुन्या गाड्यांत अजून सब-सी सेल, म्हणजे गोल नळकांड्यांसारखे रिचार्जेबल सेल, वापरणाऱ्यांची चूक जास्त महागात पडते. १.२ व्होल्टचे सहा सेल, मिळून ७.२ व्होल्टचा पॅक. सेलचा डबा म्हणजे अख्खा निगेटिव्ह, आणि मध्ये असतं ते फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टण. सेल ज्यांत बसतात त्या चॅसिसच्या खाचांच्या कडा धारदार असतात. गाडी थरथरते, वेष्टण कापलं जातं, आणि कार्बन म्हणजे प्लास्टिकच असं समजणाऱ्याला धूर दिसतो. कार्बनमधून वीज जाते! शेजारच्या दोन सेलचे डबे कार्बनला टेकले की शॉर्ट झालाच. खाचांच्या कडा पॉलिश पेपरने गोल करा, त्यावर सुपरग्लूचा हात फिरवा आणि वाळल्यावर सेल बसवा. मग गाडी उलटी करून खालून पट्टी आडवी धरा: एकही सेल चॅसिसच्या खाली डोकावता कामा नये. वेष्टणावर चकाकणारा ओरखडा दिसला तर तो सेल ट्रॅक घासतोय.

सेल जोडायला घरातली २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न घेऊ नका. ती तापवत बसते आणि तोवर सेल आतून शिजतो. ६० ते ८० वॉटची, रुंद टोकाची घ्या. सेलचं टोक आधी घासा, दोन-तीन सेकंदांत काम उरका. नंतर मीटर लावा. चार्ज केलेल्या पॅकने पाच व्होल्टच्या आसपास आकडा दाखवला तर एक सेल उलटा जोडलाय. हे सगळ्यांचं एकदा होतंच.

लायपोवाल्यांना (लिथियम-पॉलिमर बॅटरी वापरणाऱ्यांना) वाटतं आपण सुटलो. दोन सेलचा लायपो सहा सब-सींपेक्षा हलका असतो, त्यामुळे जुन्या चॅसिसमध्ये बॅटरीची बाजू हलकी पडते. तिथे शिशाच्या पट्ट्या चिकटवा. ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) लायपोचा कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवणारी सोय, चालू आहे ना, तेही बघा. प्लास्टिकच्या टबमधला (खोलगट चॅसिसमधला) बॅटरीचा खण काही मॉडेलमध्ये गोलसर असतो, त्यात चौकोनी पॅक बसत नाही. म्हणून पॅकचं कवच तासायला घेणारे महाभाग मी पाहिलेत. तासायचंच तर टब तासा, नाहीतर गोल कडांचा पॅक आणा.

आणि काल अलगद बसलेला पॅक आज दाबून बसवावा लागत असेल, तर खण लहान झालेला नाही. पॅक फुगलाय. तो गाडीत घालू नका, चार्जही करू नका.