जुनी गाडी घेताय? आधी नंबर मागा, टेस्ट ड्राइव्ह नंतर

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की आपण सगळे तेच करतो, टायरला लाथ मारायची, दार दोनदा आपटून बघायचं, टेप लावून बघायचा आणि मग "काका फायनल बोला". कागद शेवटी, तेही एजंटच्या भरवशावर. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम फिरवा. क्लच गेला, सस्पेन्शन वाजतंय, एसी गार होत नाही हे सगळं पैसे टाकून नीट होतं, पण ज्या गाडीवर दुसऱ्याच्या कर्जाचा बोजा आहे ती दारात आणून उभी केली तर त्यात मेकॅनिक काय करणार.

म्हणून फोनवरच गाडीचा नंबर मागायचा. एमपरिवहन अ‍ॅपवर तो टाकला की मालकाचं नाव अर्धंमुर्धं दिसतं, पण नोंदणीची तारीख, इंधन, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी आहे का हे कळतं. जाहिरातीत २०१८ लिहिलंय आणि नोंदणी २०१६ ची निघते असले प्रकार इथेच संपतात, जायचं पेट्रोल वाचतं. मग ई-चलन बघायचं, महाराष्ट्राच्या साइटवर त्यासाठी चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे लागतात, ते विकणाऱ्याकडून घ्या. द्यायला का-कू करत असेल तर दुसरी गाडी बघा, गाड्यांना काय तोटा नाही.

आता आरसी. त्यावर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव आहे का बघा. "लोन कधीच फिटलंय हो, फक्त एनओसी आणायचीय" हे वाक्य इतक्या वेळा ऐकायला मिळतं की विचारू नका, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, माणसं हप्ते फेडतात पण बोजा उतरवायचा राहूनच जातो. त्याला फायनान्सवाल्याची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. एनओसीवर बहुतेक वेळा मुदत असते, ती उलटून गेली असेल तर परत बँकेत चकरा. हे काम विकणाऱ्याचं आहे, तुम्ही अंगावर घेऊ नका. बोजा उतरलेली आरसी दाखवा, मग पुढचं बोलू, असं सरळ सांगायचं.

एक खास इशारा दिल्ली पासिंगच्या गाड्यांबद्दल. एनजीटीच्या, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाच्या, २०१४-१५ च्या आदेशांनी आणि मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात यायला लागल्या. स्वस्त दिसतात खऱ्या, पण तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ पाहिजे आणि इथला एकरकमी रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण डिझेलला महाराष्ट्रात दर आधीच जास्त आहे. म्हणून आधी टॅक्सचा आकडा काढून घ्या आणि तो किमतीत मिळवूनच भाव करा, नाहीतर वाचलेले पैसे आरटीओच्या खिडकीवर जातात.

एवढं जमलं की गाडी बघायला जा. सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा, गरम लागलं तर समजायचं की गार इंजिनचा आवाज किंवा धूर आपल्याला दाखवायचा नाहीये. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, पांढरट सायीसारखं काही चिकटलं असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता असते, ते काम महागात पडतं. बॉनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा, त्यांच्यावरचा रंग खरवडलेला असेल तर पान्हा लागलाय, म्हणजे पार्ट उघडलाय किंवा बदललाय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर ३० हजार दाखवतंय, गाडी २०१७ ची आणि टायर २०२३ चे, तर एवढ्या कमी रनिंगला टायर का बदलले हे विचारा. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टेअरिंगचं कव्हर काढून आतली झीज बघितली की मीटर मागे केलंय का याचा अंदाज येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुन्या सर्व्हिसचा रेकॉर्ड मिळाला तर उत्तमच, त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट धुतात, मॅट बदलतात, अत्तर मारतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते. स्टेपनी काढून खालचा खड्डा पण बघा. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा, त्यात खूप गाड्या पाण्यात गेल्या होत्या, त्यामुळे त्याच्या आधीची आणि त्या भागातली गाडी असेल तर जरा जास्तच वाकून बघा. चेसिस नंबर मात्र स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून बघायचा, १७ अक्षरं-आकडे, एकेक करून.

भाव करताना त्याच मॉडेलची आजची नवी ऑन रोड किंमत खिशात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण काही विकणारे अजून जुन्याच किमतीच्या हिशोबात बसलेत. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं, तुम्हाला चालत असेल तर तेव्हा घासाघीस करा, दसऱ्याच्या तोंडावर कोणी ऐकत नाही.

लोन करणार असाल तर एकच प्रश्न: फ्लॅट की रिड्युसिंग? फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज, रिड्युसिंग म्हणजे फक्त उरलेल्या रकमेवर. ४ लाख, ३ वर्षं, "फक्त ९ टक्के" फ्लॅट म्हणजे व्याज १,०८,००० आणि हप्ता साधारण १४,१००. हेच ४ लाख १२ टक्के रिड्युसिंगने घेतले तर हप्ता १३,३०० च्या आत आणि व्याज ७८ हजारांच्या आसपास. ऐकायला ९ कमी वाटतं, पण ते ९ टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगचे सव्वासोळा झाले. शोरूमच्या टेबलावर बसलेला पोरगा हे आपणहून सांगणार नाही. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी लोन बंद केलं तर काय लागतं हेही लिहून घ्या.

टोकन कमी द्या आणि बँकेतून द्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या तुमच्यासमोर झाल्या पाहिजेत, आणि नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम हातात राखून ठेवता आली तर ठेवाच. एजंट सही केलेले कोरे फॉर्म देऊन "साहेब सावकाश करा" म्हणेल, सावकाश बिलकुल करू नका. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे जो गाडी विकतोय त्यानेही वाचावं, कारण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाणार, मग गाडी मध्ये चार हातांतून गेली असली तरी.

विम्याचं तर लोक हमखास विसरतात. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर तुमच्या नावावर व्हायला १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो, नाहीतर बंपर ठोकला की क्लेम अडकला. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. "५० टक्के बोनस आहे पॉलिसीवर" म्हणून कोणी भाव वाढवत असेल तर तो बोनस त्याच्या पुढच्या गाडीला जाणार आहे, तुम्हाला त्यातलं काही मिळत नाही, उलट ट्रान्सफर करताना फरकाचे पैसे भरावे लागतात.

राहिलं किरकोळ. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबर प्लेट लावलीय का बघा. फास्टॅग जुन्या मालकाला बंद करायला लावा आणि आपल्या नावाचा नवीन घ्या. आरसीला तुमचाच मोबाईल नंबर जोडला गेलाय का तेही तपासा, एजंटचा नंबर टाकलेला असतो आणि पुढे प्रत्येक ओटीपीसाठी त्याला फोन करत बसावं लागतं. दुसरी चावी पण त्याच दिवशी मागून घ्या, "नंतर पाठवतो" म्हणालेली चावी येत नाही.