शिवकालीन चिलखत : आराखड्यापासून अंगावर चढवेपर्यंत

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी किंवा देखाव्यासाठी चिलखत करायला घेण्यापूर्वी ते कोणाच्या अंगावर चढणार आहे, हे कागदावर लिहून काढावे. ‘मराठा योद्धा’ एवढे उत्तर पुरेसे नाही. १६५९ साली जावळीच्या रानात दबा धरून बसलेला मावळा, सरकारी पागेतला बारगीर, स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला आलेला शिलेदार, तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने डागायची, बंदूक चालवणारा कोकणातला हेटकरी आणि पंचहजारी सरदार या पाच माणसांचे पाच निराळे संच होतात, आणि त्यांपैकी निदान तिघांच्या अंगावर लोखंड जवळजवळ नसतेच. मराठ्यांच्या फौजेचा भर वेगावर आणि हलकेपणावर होता. त्यामुळे मावळ्याच्या भूमिकेसाठी मुंडासे, बंडी, चोळणा (आखूड तुमान), कमरेला शेला, पाठीला ढाल आणि हातात भाला एवढ्यावर संच पुरा होतो, आणि हा साधा संच नीट केला तर तो पत्र्याच्या चकचकीत छातीपेक्षा खराही दिसतो. चिलखताचा खर्च आणि श्रम सरदाराच्या, फार तर सुस्थितीतल्या शिलेदाराच्या भूमिकेसाठी राखून ठेवावेत.

बारगीर आणि शिलेदार हा भेद पथकाचे नियोजन करतानाही उपयोगी पडतो. बारगिराला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत, त्यामुळे त्याच्या रांगेत थोडा सारखेपणा शोभतो. शिलेदार मात्र आपापल्या ऐपतीप्रमाणे सजून येई. एकाच साच्यातून काढलेली दहा चिलखते दहा शिलेदारांच्या अंगावर घालणे ही चिलखत मुळीच नसण्यापेक्षा मोठी चूक आहे, असे माझे मत आहे. दूरदर्शन मालिकांमधले चामड्याचे काळे मनगटपट्टे आणि खिळे ठोकलेल्या छात्या यांच्याकडे तर पाहूच नये.

पाहायचे ते संग्रहालयांतल्या वस्तूंकडे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे वही घेऊन जावे आणि चिलखताचा एकूण डौल टिपण्यापेक्षा कडीचा आकार, तारेची जाडी, कडी कशी मिटवली आहे, बगलेत जोड कसा दिला आहे आणि गळा पुढे किती उघडा आहे, हे टिपावे. लोखंडी आणि पितळी कड्यांची गंगाजमनी नक्षी असलेली चिलखते मोह पाडतात, परंतु त्यांतली बरीच १८व्या–१९व्या शतकातली असतात. १६६० च्या माणसासाठी तो नमुना उचलू नये. दख्खनी धाटणी समजून घ्यायची असेल तर आदोनीच्या लढाईनंतर मोगलांकडून लढणाऱ्या बिकानेरच्या राजा अनुपसिंहाने उत्तरेत नेलेल्या वस्तूंची छायाचित्रे अवश्य पाहावीत. आदोनी हा विजापूरकरांचा किल्ला, तो १६८९ च्या सुमारास मोगलांकडे गेला आणि तिथल्या शस्त्रागारातल्या अनेक वस्तूंवर पुढे बिकानेरची ठिपक्यांनी उठवलेली नोंद आली. शिवकालाच्या इतक्या जवळची आणि मूळ ठिकाण ठाऊक असलेली दख्खनी शस्त्रे फार थोडी आहेत.

आणखी एक गोष्ट आराखड्यातच ठरवावी लागते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली झालेल्या भेटीची जी हकीकत परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे, तिच्यात महाराजांचे चिलखत अंगरख्याखाली आणि लोखंडी टोप मंदिलाखाली आहे. म्हणजे कड्यांचे चिलखत नेहमी वरूनच मिरवायचे असते, असे नाही. ते आत घालायचे ठरले, तर अंगरखा मोठा बेतावा लागतो आणि चिलखताच्या बाह्या आखूड ठेवाव्या लागतात. हा निर्णय नंतर बदलता येत नाही.

काम नेहमी आतून बाहेर करावे. पहिला थर रुईभरल्या डगलीचा. कड्या वार अडवतात, पण घावाचा दणका अडवत नाहीत. तो कापूसच अडवतो. बाहेरून आणि आतून मांजरपाट किंवा जाड खादी घ्यावी, दोन्ही कापडे आधी पाण्यातून काढून वाळवावीत, म्हणजे पुढे आटून डगली आखडत नाही. मधे पिंजलेला कापूस सारखा पसरून उभ्या धावदोऱ्याने तीन-तीन सेंटिमीटरवर टाचे घालावेत. गोधडी शिवणारी एखादी आजी घरात किंवा शेजारी असेल तर तिला आधी गुरू करावे, कारण कापूस न सरकू देता टाचा कसा ओढायचा, हे तिच्या बोटांना जितके कळते तितके कोणत्याही लेखातून कळत नाही. शिवून झाल्यावर अंगावरचा थर साधारण एक सेंटिमीटर भरावा, बगलेत आणि कोपराच्या आत तो निम्म्यावर आणावा. पुढे बटणांऐवजी बंद लावावेत. कृत्रिम धाग्यांचे भरण स्वस्त पडते, पण ते घाम शोषत नाही आणि तोड्याच्या ठिणगीने वितळून कातडीला चिकटते.

चिलखताची सगळी मापे ही डगली घालूनच घ्यावीत. उघड्या अंगावर माप घेऊन केलेले चिलखत डगलीवर चढत नाही आणि मग डगलीच टाकून दिली जाते.

आता कड्या. नवशिक्याने १६ गेजची, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार आणि ८ मिलिमीटरची सळई घ्यावी. सळईवर तार गुंडाळून स्प्रिंगसारखी गुंडाळी करावी, ती सळईवरून काढून कटरने एकेक वेढा कापावा आणि दोन पकडींनी कडीची टोके समोरासमोर मिटवावीत. टोके ओढून लांब करून जवळ आणू नयेत, बाजूला पिळून मिटवावीत, म्हणजे कडीचा गोलावा टिकतो. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून गेली पाहिजे. जगभरच्या कड्यांच्या चिलखतांत सर्वाधिक आढळणारी गुंफण हीच.

मात्र पूर्ण चिलखताला हात घालण्यापूर्वी दहा सेंटिमीटर लांब-रुंद असा एक तुकडा विणावा. हा तुकडा म्हणजे तुमचे अंदाजपत्रक. त्यातल्या कड्या मोजाव्यात. समजा, त्या दोनशे भरल्या आणि जुन्या सदऱ्यावरून काढलेल्या बेताचे क्षेत्रफळ दहा हजार चौरस सेंटिमीटर आले, तर २०,००० कड्या लागतील. या मापाच्या एका कडीला तीन सेंटिमीटर तार लागते आणि तिचे वजन साधारण अर्धा ग्रॅम असते. म्हणजे ६०० मीटर तार आणि १० किलो वजन. मिनिटाला तीन कड्या जोडल्या तरी एकशे दहा तास होतात, म्हणजे रोज एक तास बसणाऱ्याला जवळपास चार महिने. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला उभे राहायचे असेल, तर डगली आधीच शिवून दसऱ्याला शस्त्रपूजेच्या दिवशी तार घरात आलेली असावी.

इतके वजन आपल्याला पेलेल का, हेही तार विकत घेण्यापूर्वीच पाहावे. पाठपिशवीत दहा किलो तांदूळ भरून एखाद्या रविवारी सिंहगड चढून यावे. बरेच बेत पायथ्याशी परत आल्यावर मावळ्याच्या संचावर येऊन ठेपतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

नुसत्या मिटवलेल्या कड्या मिरवणुकीला आणि देखाव्याला पुरतात. ओढ बसली की त्या उघडतात. जुन्या लढाऊ चिलखतांत प्रत्येक मिटवलेल्या कडीला रिबिट, म्हणजे टोके जोडणारा बारीक खिळा, असे. तसे करायचे असेल तर जस्ताचा मुलामा नसलेली काळी तार घ्यावी, ती तापवून सावकाश निवू द्यावी, कडीची टोके एकमेकांवर चढवून ऐरणीवर चपटी करावीत, टोच्याने भोक पाडावे आणि बारीक रिबिट ठोकून बसवावे. माझ्या हाताला याला तिप्पट वेळ लागतो. जी.आय. तार मात्र चुकूनही भट्टीत घालू नये. जस्ताचा धूर श्वासात गेला की थंडी वाजून ताप भरतो.

विणलेल्या कापडाला जशी उभी-आडवी ओढ असते, तशी या गुंफणीलाही असते. नमुन्याचा तुकडा एका कडेने धरून लोंबता ठेवावा, मग चौथाई वळवून पुन्हा धरावा. एका बाजूने तो जाळीसारखा ताणून उघडा राहतो, दुसऱ्या बाजूने मिटून दाट होतो आणि आडवा ओढला की सैल देतो. अंगावर ही दुसरी दिशा ठेवावी. बगलेचा प्रश्न याहून अवघड आहे. माझ्या पहिल्या चिलखताच्या बाह्या मी सरळ नळीसारख्या जोडल्या होत्या. हात वर केला की सगळे चिलखत बेंबीपर्यंत उचलले जाई. सदऱ्याच्या बगलेत शिंपी जी चौकोनी कळी घालतो, तशीच कड्यांची कळी घातल्यावर ते सुटले. घोड्यावर बसायचे असेल तर घेराला मागे-पुढे चीर द्यावी.

सरदाराच्या संचात यावर चार-आईना येतो. छाती, पाठ आणि दोन्ही बगलांखाली असे चार पत्रे पट्ट्यांनी बांधलेले असतात. आधी पुठ्ठ्याचे चार तुकडे कापून, बांधून, खाली वाकून आणि बसून पाहावे. बगलेकडचा पत्रा दंडाला टोचत असेल तर पुठ्ठाच कापावा. मग १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरचा पत्रा पुरतो. त्याच्या कडा आत वळवून घ्याव्यात, नाहीतर त्या डगली फाडतात. हातावरचा दस्ताना, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे कवच, याच पत्र्याचा, मनगटाशी बिजागरीचा करावा.

टोप मात्र घरी करू नये. ‘जिरेटोप’ या शब्दातला जिरह म्हणजे कड्यांचे चिलखत. लोखंडी वाटी आणि तिच्या कडेला मानेवर उतरणारी कड्यांची झालर, अशी मूळ कल्पना आहे. झालर आपण विणावी, वाटी जाणत्या लोहाराकडून १६ गेजच्या पत्र्यात घडवून घ्यावी. तांब्या-पितळेची भांडी मठारणारे तांबट हे काम जाणतात, पण लोखंड त्यांच्या नेहमीच्या धातूपेक्षा हट्टी असते, हे आधी बोलून घ्यावे. माप देताना डोक्यावर जाड कापसाची टोपी घालूनच द्यावे.

ढाल म्हशीच्या कच्च्या कातड्याची करावी. भिजवलेले कातडे लाकडी साच्यावर ताणून बांधावे आणि सावलीत वाळू द्यावे. समोरची चार फुले केवळ शोभेची नसतात. मागच्या दोन मुठींच्या कड्या त्यांतूनच अडकवलेल्या असतात, आणि बोटांच्या मागे लहानशी गादी असते. गेंड्याचे कातडे जुन्या ढालींना असे, आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा विचारही करू नये. हत्यारे बोथट ठेवावीत. तलवारी आणि भाले १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, म्हणून कार्यक्रमापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून लेखी परवानगी घ्यावी.

चढवताना डगली, चिलखत, मग शेला असा क्रम ठेवावा. चिलखत कमरेशी थोडे वर उचलून त्यावर शेला करकचून बांधावा आणि वरचा भाग त्यावर सैल सोडावा. निम्मा भार खांद्यांवरून कमरेवर येतो आणि दुपारपर्यंत उभे राहता येते. ६ जूनला रायगडावर हा सगळा संच घालून जाणाऱ्याने टोप काखेत ठेवावा, मीठ-साखरेचे पाणी सोबत घ्यावे आणि डोके गरगरले तर चिलखत काढायला मदत करील असा एक माणूस जवळ ठेवावा, कारण कड्यांचे जड चिलखत एकट्याने उतरवायचे तर ओणवे होऊन झटकत राहावे लागते.

घरी आल्यावर घाम सुकण्याआधी कड्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. गंज धरलाच तर चिलखत कोरड्या वाळूसह गोणपाटात घालून दोघांनी हेलकावे द्यावेत, मग झटकून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवावा. चिलखत खुंटीला टांगून ठेवू नये. मिटवलेल्या कड्या खांद्याशी उघडू लागतात. ते गुंडाळून ठेवावे. पावसाळ्यात डगली कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह पेटीत, चिलखतापासून वेगळी ठेवावी, कारण कापसातला ओलावा लोखंडात उतरायला एक श्रावण पुरतो.