विषय सोडण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी

कठीण जाणारा विषय सोडावा की नेटाने पूर्ण करावा, हा निर्णय अनेक विद्यार्थी चाचणीचे गुण हातात पडतात त्याच संध्याकाळी घेऊन टाकतात, आणि या कामासाठी त्याहून वाईट वेळ नाही. त्याऐवजी एक आठवडा राखून ठेवावा आणि त्यात पुढील तयारी हातावेगळी करावी. मुदत त्याआधीच संपत असेल तर हीच तयारी दोन दिवसांत उरकावी, पण टाळू नये.

आधी तारखा वहीत लिहून घ्याव्यात. अनेक महाविद्यालयांत दोन मुदती असतात: पहिल्या मुदतीत विषय सोडल्यास गुणपत्रिकेवर त्याची खूणही राहत नाही, तर दुसऱ्या मुदतीत सोडल्यास विषय मागे घेतल्याचा शेरा येतो, मात्र सरासरीला सहसा धक्का लागत नाही. शुल्क परत मिळण्याची तारीख या दोन्हींहून वेगळी असू शकते, म्हणून तीही विचारावी.

मग गुणांचा हिशेब मांडावा. समजा आतापर्यंत ४० टक्के मूल्यमापन झाले असून त्यात सरासरी ३५ टक्के मिळाले आहेत, म्हणजे शंभरापैकी १४ गुण जमा आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी ५० लागत असतील तर उरलेल्या ६० पैकी ३६ मिळवावे लागतील, म्हणजेच ६० टक्के. हे कष्टाचे आहे, पण आवाक्याबाहेरचे नाही. हाच आकडा ८५ निघाला असता तर मी विषय सोडण्याचाच सल्ला दिला असता. एकूण सरासरीवर होणारा परिणामही असाच काढावा: १६ क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाला दिलेले वजन) विषयांत ८ गुणांक (ग्रेड पॉइंट) आणि ४ क्रेडिटच्या या विषयात ४ गुणांक मिळाला, तर सरासरी ८ वरून ७.२ वर येते. पुष्कळांच्या मनातली भीती या घसरणीपेक्षा मोठी असते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच वगळले जाते. न सुटलेली पाच उदाहरणे कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायला घ्यावीत आणि पेन कोणत्या ओळीवर थांबते तिथे खूण करावी. डिफरन्शियल इक्वेशनचे उदाहरण घेतले, मांडणी बरोबर झाली, चले दोन बाजूंना वेगळी केली, आणि इंटिग्रेशनपाशी पार्शल फ्रॅक्शन (अपूर्णांकाचे सोप्या अपूर्णांकांत तुकडे करण्याची रीत) आठवेना म्हणून हात थांबला, तर अडचण या विषयाची नसून मागच्या वर्षी कच्च्या राहिलेल्या एका प्रकरणाची आहे, आणि ती दोन आठवड्यांच्या सरावाने भरून निघू शकते. पाचही उदाहरणांत पहिलीच ओळ सुचत नसेल, तर पाया मुळातूनच घालावा लागेल आणि चालू सत्रात तेवढा वेळ मिळणे कठीण आहे.

अभ्यासाची रीतही तपासावी. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना अधिक आठवत होते. तुम्ही आजवर केवळ टिपणे वाचत आला असाल, तर विषय झेपत नाही असे म्हणण्याआधी निदान एक प्रकरण पुस्तक मिटून लिहून पाहावे.

तासांचा हिशेब कठोरपणे करावा. युरोपीय क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचे एकूण काम धरतात, म्हणजे ६ क्रेडिटच्या विषयाला १५ आठवडे दर आठवड्याला, तासिका धरून, १० ते १२ तास लागतात. नोकरी, आजारपण किंवा घरची जबाबदारी यांमुळे इतके तास खरोखरच उरत नसतील, तर विषय सोडण्यात कमीपणा नाही, आणि तसे कुणी सुनावले तरी मनावर घेऊ नये.

सोडण्याचे परिणाम कार्यालयात विचारून घ्यावेत: पूर्णवेळ विद्यार्थ्याला लागणारी किमान क्रेडिट, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत व्हिसा. हा विषय पुढच्या कोणत्या विषयांची पूर्वअट आहे आणि तो पुन्हा केव्हा शिकवला जाईल, हेही पाहावे, कारण तो वर्षातून एकदाच असेल तर एका विषयापायी पदवी वर्षभर लांबू शकते.

हे सारे कागद घेऊन प्राध्यापकांना भेटावे आणि 'सर, मी पास होईन का?' असे न विचारता, खूण केलेल्या ओळी दाखवून 'हे भरून काढायला किती वेळ लागेल?' असे विचारावे. विषय ठेवायचा ठरला, तर त्याच भेटीत पुढच्या भेटीचा दिवस मागून घ्यावा. सोडायचा ठरला, तर केवळ वर्गात जाणे थांबवू नये, कारण नोंदणी कायम राहिल्यास शेवटी अनुत्तीर्णच नोंदले जाते. रीतसर अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि काही दिवसांनी नोंदणीतून विषय खरोखर निघाला आहे ना, हे स्वतः पाहून यावे.