सातेरीची पेटी सांभाळताना: किती घ्यावे आणि किती ठेवावे

महाबळेश्वरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सह्याद्रीच्या पट्ट्यात लाकडी पेटीत पाळली जाते ती प्रामुख्याने सातेरी मधमाशी. ती पाळलेली असली तरी बांधलेली नसते. उपासमार, मुंग्यांचा उपद्रव किंवा पेटीची वारंवार उघडझाप असह्य झाली की अख्खी वसाहत भरली पोळी टाकून निघून जाते. म्हणून तिच्याशी नीट वागणे पुष्कळदा मधपाळाच्या फायद्याचेच असते. जेथे फायदा एकीकडे आणि योग्य वागणे दुसरीकडे अशी वेळ येते, तेथे काय करावे हे मात्र आधीच ठरवून ठेवावे लागते.

पहिली वेळ वसाहत मिळवतानाच येते. झाडाच्या ढोलीतील वसाहत पकडायची असेल, तर त्यासाठी ढोली फोडून झाड मारू नये आणि पावसाळ्यात किंवा फुलोरा नसताना हा उद्योग करूच नये, कारण त्या दिवसांत हललेल्या वसाहतीला नव्याने पोळी बांधण्याइतके खाद्य मिळत नाही. पिलांची पोळी सरळ कापून, चौकटीत केळीच्या सोपाने बांधून, माश्यांबरोबरच पेटीत घ्यावीत. माझ्या मते मात्र एकदा दोन-तीन पेट्या जमल्यावर जंगलाकडे वळू नये. पुढची वाढ आपल्याच सशक्त वसाहतींच्या विभाजनातून करावी.

नव्या वसाहतीने पळून जाऊ नये म्हणून दाराशी राणी फाटक, म्हणजे राणीला बाहेर पडता येणार नाही अशा अरुंद फटींची पट्टी, लावतात. ते काही दिवसांपुरतेच ठेवावे. त्या फटींतून कामकरी माश्या जातात, पण नर जाऊ शकत नाहीत. ते आतल्या बाजूला अडकून मरतात आणि दार तुंबवतात. शिवाय वसाहतीत कुमारी राणी असेल तर तिचे मिलनासाठीचे उड्डाणच खुंटते.

पेटी उघडायची ती उन्हाच्या वेळी, वारा पडलेला असताना आणि काही कारण असेल तरच. पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे पाहुण्यांना दाखवण्यासाठी चौकटी हातात धरून गप्पा मारत उभे राहणे हे पिलांच्या जिवावर केलेले कौतुक ठरते. माश्या शांत करण्यासाठी धूर सोडायच्या धुराड्यात सुके गोणपाट किंवा नारळाच्या शेंड्या जाळाव्यात; मात्र खताच्या किंवा औषधाच्या गोणीचा तुकडा वापरू नये. धूर हाताला गार लागेल इतपत असावा आणि एक-दोन फुंकरींवर भागवावे. चौकट परत ठेवताना ती सावकाश खाली सोडावी, म्हणजे कडेच्या माश्या चिरडत नाहीत. माशी चिरडली किंवा तिने डंख मारला, की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो इतर माश्यांना धोक्याचा इशारा असतो, म्हणून तो वास आला की तेवढ्यापुरते काम थांबवून झाकण लावावे.

खरी कसोटी मध काढताना लागते. मध मधकोठीतूनच, म्हणजे पेटीच्या वरच्या, मध साठवण्याच्या कप्प्यातूनच घ्यावा, तोही चौकटीतील निदान तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्यावर, आणि मधयंत्र हलक्या हाताने फिरवून. पिलांच्या चौकटींना हात लावू नये. पिलांसकट पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्यांचा रस उतरतो, आणि तो मध टिकतही नाही. जांभूळ-हिरड्याचा हंगाम सरताना, म्हणजे पावसाच्या तोंडावर, ‘शेवटचा हात’ मारण्याचा मोह सर्वांत मोठा असतो, आणि नेमका तोच मध माश्यांनी पुढच्या चार ओल्या महिन्यांसाठी साठवलेला असतो. निदान एक-दोन भरलेल्या चौकटी तशाच ठेवाव्यात. त्यानंतरही साठा कमी पडला, तर साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आतच द्यावा. बाहेर सांडला तर शेजारच्या वसाहती लुटायला येतात. पाकाने पोट भरते, पण परागाची उणीव भरून निघत नाही, त्यामुळे ‘साखर देतो, सगळा मध घेतो’ हा हिशेब माश्यांच्या दृष्टीने तोट्याचाच असतो. मधकोठी लावलेली असताना पाक दिला तर तोच मध म्हणून साठतो, ही तर गिऱ्हाइकाचीही फसवणूक आहे.

रोगाच्या बाबतीत शेजारधर्म पाळावा. थाई सॅकब्रूड या विषाणूने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. त्यावर औषध नाही आणि प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, ती फक्त मधात उतरतात. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या दिसू लागल्या, तर त्या ठिकाणच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत आणि पेट्या विकू किंवा हलवू नयेत.

परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देताना फवारणीचे आधीच, शक्यतो लेखी ठरवावे: फुलोऱ्यात फवारणी नको, आणि टळतच नसेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी व एक दिवस अगोदर कळवावे. पेट्या रात्रीच, दार जाळीने बंद करून हलवाव्यात. दिवसा हलवल्यास बाहेर गेलेल्या माश्या मागेच राहतात.

मधपाळ म्हटला की त्याला आग्या माश्यांच्या पोळ्यासाठीही बोलावणे येते. पोळे उंचावर, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असेल तर ते तसेच राहू द्यावे, असे सोसायटीला सांगावे. आग्या हंगामी स्थलांतर करते आणि काही महिन्यांत आपणहून जाते. मध घ्यायचाच असेल तर फांदीलगतचा मधाचा जाड भागच कापावा, पिलांचा भाग लटकता ठेवावा. रात्री मशालीने पोळे जाळण्याचे काम कितीही पैसे मिळाले तरी स्वीकारू नये, आणि कीटकनाशक फवारलेल्या पोळ्यातील मध खाऊ नये, विकूही नये.