उत्तरा लागायच्या आत चर काढा

या सल्ल्यातली बाकीची कामे मागेपुढे झाली तरी चालतील, एक मात्र राहू देऊ नका. १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा नक्षत्र लागते. त्याच्या आत सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या रानातले पाणी बाहेर काढणारे चर तयार हवेत, आणि त्यांचे तोंड उघडे हवे. मराठवाड्यात आणि लगतच्या विदर्भात भारी काळ्या जमिनीवर किडीने गेलेली पिके मी पाहिली, पण त्याहून कितीतरी जास्त साचलेल्या पाण्याने गेलेली पाहिली. त्यातल्या बहुतेक शेतांत पाण्याला जायला जागा होती. कुणी दोन तासे (पिकाच्या ओळी) जास्त पेरायची म्हणून ओघळ बुजवला होता, कुणी बांधाला तोंडच ठेवले नव्हते, तर कुणी चर काढला होता पण बांधापर्यंत नेलाच नव्हता.

पाऊस उशिरापर्यंत मुक्कामी

गौरी-गणपती उठले की पाऊस ओसरायचा, या हिशोबावर आपली काढणी बसलेली आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. पश्चिम राजस्थानातून पाऊस माघारी निघण्याची तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती, ती आता १७ सप्टेंबर आहे. मुंबईतून जाण्याची तारीख सप्टेंबरअखेरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. आता जेएस ३३५ या सोयाबीन वाणाचा हिशोब लावा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरले तर ९५ ते १०० दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, ते कापणीला येते. फुले संगम (केडीएस ७२६) आणखी चार-सहा दिवस मागे. म्हणजे शेंग पक्व होताना पाऊस अजून शिवारातच असणार, असे धरूनच चाला.

तारखांपेक्षा मोठा बदल पावसाच्या पडण्यात आहे. मध्य भारतात दूरवर पसरून होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळपास तिप्पट झाल्या, असा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडला. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. शिवारात याचा अर्थ एवढाच की आठवडाभराची झड कमी झाली. पंधरा-वीस दिवस कोरडे जातात, पीक माना टाकते, आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस येतो.

२०२५ साल आठवा. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मे महिन्यातल्या पावसाने अनेकांची उन्हाळी मशागतच झाली नाही, मग चर कुठून निघणार? त्याच वर्षी सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूरकडे सीना नदीच्या काठाने जे झाले ते सगळ्यांनी पाहिले. नदी शेतात शिरली तिथे चराने काही होत नाही, हे मान्य. पण नदीपासून कोसभर लांब, उंचवट्यावरच्या रानातही सोयाबीन कुजले. ते पाणी नदीचे नव्हते, आपल्याच बांधात अडलेले होते.

६५ मिलिमीटर म्हणजे किती पाणी

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एका एकरावर तेवढा पाऊस म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे २६ टँकर. जमीन आधीच भिजलेली असेल तर यातले फार थोडे खाली मुरते. काळी माती ओली झाली की फुगते, भेगा बुजतात आणि वरचे पाणी वरच राहते.

मातीतली हवा पाण्याने हाकलली की मुळांचा श्वास एक-दोन दिवसांत कोंडतो. सोयाबीनच्या गाठींतले जिवाणू नत्र बांधायचे थांबतात, म्हणून पाने पिवळी पडतात. चुनखडीच्या रानात त्यात लोहाची कमतरता भर घालते. तुरीला खोडाशी तपकिरी चट्टे येऊन फायटोप्थोराची (बुरशीसारख्या रोगजंतूची) मर लागते. कपाशीचे झाड सकाळी टवटवीत दिसते आणि पावसानंतर कडक ऊन पडले की दुपारी मान टाकते. तीन पिकांचे तीन आजार म्हणून तीन औषधे आणली जातात, पण मुळाशी पाणी एकच असते.

"पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा" ही म्हण (म्हणजे भात इतका पिकतो की कुत्रेही खाईना) भाताच्या मुलखातली. शेंगा भरलेल्या सोयाबीनला तिच्यातून काही मिळत नाही.

चर कसा काढायचा

पहिले काम फावडे उचलण्याचे नाही. पुढचा पाऊस पडताना डोक्यावर पोते घेऊन (विजा चमकत असतील तर अर्थातच नाही) बांधावर उभे राहा आणि पाणी कुठे थांबते, कुठे वळते ते बघा. प्रत्येक रानात एक खोलगट कोपरा असतो, बहुधा चिबाड, जिथे दरवर्षी पीक बुटके राहते. सुरुवात त्या कोपऱ्यापासून.

खोदाई खालून वर करा. आधी बांधाला तोंड पाडा आणि तिथे दगड लावा, नाहीतर पहिल्या लोंढ्यात बांधच फुटतो. मग तिथून रानात वर चला. वरून सुरू केलेले चर मजूर कंटाळले की अर्ध्यात राहतात, आणि अर्धा चर न काढलेल्यापेक्षा वाईट, कारण सगळे पाणी तो एका जागी आणून सोडतो. खोली साधारण फूटभर पुरते. तळ शेवटपर्यंत उताराचा हवा, मध्ये कुठे उंचवटा राहिला की तिथेच डबके होते.

पीक लहान असेल आणि ओळींत औत शिरत असेल तर पिकाच्या दर चार ओळींनंतर बळीराम नांगराने सरी पाडून घ्या. सोयाबीन दाटले असेल तर आत औत घालू नका, फुले-शेंगा झडतात. तिथे बांधाकडचा मुख्य चर आणि खोलगट भागातून एखाद-दुसरा फाटा, एवढेच कुदळ-फावड्याने करा.

रुंद वरंबा सरी यंत्राने पेरणाऱ्यांना वाटते आपले काम झाले. सऱ्या तुमच्याकडे आहेत, खरे. पण पेरणीच्या शेवटी कडेने आडवी तासे पेरता तेव्हा त्या सगळ्या सऱ्यांची तोंडे बंद होतात. पैसे खर्चून केलेल्या सऱ्यांत पाणी तुंबलेले मी याच कारणाने वारंवार पाहिले आहे. आडव्या तासांतली दर सरीपुढची दोन-चार झाडे उपटा आणि तोंड मोकळे करा. झाडांचा जीव धरू नका.

हलक्या, उताराच्या जमिनीत मात्र सरळ उताराने चर काढू नका, मातीच वाहून जाईल. तिथे उताराला आडवा, किंचित तिरपा चर घ्या. खंड पडला तर तोच ओल धरतो.

आता अंदाजाच्या गोष्टी. यांना विद्यापीठाचा शिक्का नाही, पण माझा यांच्यावर भरवसा आहे. पाऊस थांबल्यावर एका दिवसाने पिकाच्या दोन ओळींच्या मध्ये वीतभर खड्डा करा. त्यात पाणी झिरपून साचत असेल तर रान अजून बुडालेले आहे, वरून कितीही सुकलेले दिसो. मातीला कुजका वास आला तर मुळे अडचणीत आहेत. सोयाबीनचे झाड उपटून गाठ नखाने चिरा: आत गुलाबी असेल तर जीव आहे, राखाडी-हिरवट असेल तर ती गाठ गेली. आणि सप्टेंबरात दोन-तीन दिवस वारा पडून दुपारी घुसमट व्हायला लागली की संध्याकाळची वाट न बघता चराची तोंडे तपासून या.

पिवळे पडले म्हणून दुकानात पळू नका

पाऊस थांबतो त्या सकाळी कृषी सेवा केंद्रात रांग लागते. पिवळे पान दाखवले की टॉनिक, ह्युमिक, सागरी शेवाळाचा अर्क, अमिनो आणि वर "यासोबत हेही मारा" म्हणून एक पुडी, असा संच हातात पडतो. मुळे पाण्यात असताना यातले काहीही पिकाला उभे करत नाही. त्या एका संचाच्या पैशांत दोन मजूर दिवसभर चर काढतात. दुकानदाराला चर विकता येत नाही, म्हणून तो सुचवत नाही. खरेदी केलीच तर पक्के बिल घ्या आणि एका टाकीत चार-पाच औषधे कालवू नका.

पाणी काढले, वाफसा (पाय न रुतता काम करता येईल इतकी ओल) यायला लागला, मग खालील मात्रा. सगळ्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींच्या धाटणीच्या आहेत. डब्यावरचे लेबल वाचूनच वापरा.

– कपाशी, आकस्मिक मर: २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटर पाण्यात. झाडाला १०० मिली आळवणी. झाड सुकू लागल्यापासून २४ ते ४८ तासांत. त्यानंतर केलेली आळवणी बहुतेक वाया जाते.
– तूर, फायटोप्थोरा: मेटालॅक्झिल ४ टक्के + मॅन्कोझेब ६४ टक्के, २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात, रोख खोडाच्या बुडाकडे.
– सोयाबीन, शेंगा करपा: टेब्युकोनॅझोल १० टक्के + सल्फर ६५ टक्के, २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात. एकच फवारणी, उघडीप बघून.
– सोयाबीन, कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या: हिराकस (फेरस सल्फेट) ०.५ टक्का. आधी चर, मग हिराकस. निचरा झाल्यावर आठवडाभरात पाने आपोआप हिरवी झालेली मी बघितली आहेत, त्यामुळे चार दिवस थांबून बघा.
– हळद, आले: कंदकुजीला औषधाआधी सरीतले पाणी काढा.

काढणी

९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्या की कापा. "अजून चार दिवस वाळू द्या" हा मोह टाळा. पिकलेली शेंग पावसात भिजली की उभ्या झाडावर दाणा फुगतो, डागाळतो, कोंब धरतो. कापलेले सोयाबीन रानात पसरून ठेवण्याआधी पाच दिवसांचा अंदाज बघा. सुडी (कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग) उंच जागी, खाली काटक्या किंवा फळ्या, वर ताडपत्री, आणि सुडीभोवतीही वीतभर चर. ताडपत्री वरून घातली तरी खालून पाणी शिरून सुडी तापते, हे दरवर्षी घडते. मळणी १३-१४ टक्के ओलाव्याला, बियाण्यासाठी मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४००. भिजलेल्या ढिगातले बियाणे ठेवू नका. सोयाबीन स्वपरागी आहे, कोरड्या निघालेल्या तुकड्यातले घरचे बी पुढच्या वर्षी चालते. उगवण मात्र ७० टक्के भरली पाहिजे.

नेहमीची कामे

– कपाशीत कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढणारे), एकरी २
– डोमकळ्या (बोंडअळीने न उमललेली कपाशीची फुले) वेचून नष्ट करणे
– तुरीत उरलेली निंदणी
– ताडपत्रीची भोके आताच चिकटवणे
– जनावरांना ओल्या गोठ्यातून कोरड्या जागी
– मंगळवार व शुक्रवारची कृषी हवामान पत्रिका वाचणे. फोनवर मेघदूत (हवामान) आणि दामिनी (विजेचा इशारा) ही ॲप
– विजा असताना झाडाखाली थांबायचे नाही

भरपाई आणि शेजारी

विमा आहे म्हणून चर टाळणाऱ्यांसाठी: २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. तुमच्याच शेतात पाणी साचले म्हणून वेगळी भरपाई त्या वर्षी नव्हती. नियम बदलत राहतात, यंदाचा शासन निर्णय वाचून घ्या. सरकारी मदतीचा पंचनामा ३३ टक्के नुकसानीपासून पुढे धरतात. पाणी उभे असतानाचे, तारीख-ठिकाण दिसणारे फोटो काढून ठेवा.

चराचे पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडून मोकळे होऊ नका. दोन भावांची डोकी फुटायला एवढे पुरते. दोन-तीन बांधवाल्यांनी मिळून एकच चर ओढ्यापर्यंत न्या, खर्चही वाटला जातो. कुणी नैसर्गिक ओघळ बुजवून तुमचे पाणी अडवले असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पण ती सुनावणी होईस्तोवर यंदाचे सोयाबीन गेलेले असेल, म्हणून आधी पारावर बसून बोला.

सोयाबीन निघाले की ट्रॅक्टरवाला रोटाव्हेटर फिरवून सगळे सपाट करून देतो. त्याला बांधाकडचा मुख्य चर सोडायला सांगा. हरभरा वाफसा आल्यावरच पेरा, बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून. हस्त आणि चित्रा ही पावसाची नक्षत्रे बाकी असतात, आणि चिखलात दडपलेला हरभरा उगवतो पण टिकत नाही.